टर्मिनलला वाढायला जागा, मग बौद्धवाडीला का नाही?

उंबरमाळी हे मध्य रेल्वेवर खर्डी आणि कसारा यांच्या मधले लहानसे स्थानक. २१ जुलै २०२१ च्या रात्री घाटातल्या पावसाचे पाणी या स्थानकावर चढले आणि ती दृश्ये देशभर दाखवली गेली. एरव्ही उंबरमाळीचे नाव मुंबईच्या कानावर पडत नाही. मुंबईचा माल मात्र रोज याच परिसरातून जातो. रेल्वेने जातो, मुंबई-नाशिक महामार्गाने जातो आणि ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्यापासून, डोंगर पोखरून काढलेल्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यातूनही जातो. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा हा रस्ता शहापूर तालुका ओलांडून भिवंडी तालुक्यात संपतो. तेथून परदेशी जाणाऱ्या मालाला दोन दारे आहेत. एक न्हावाशेवाचे बंदर, दुसरे विमानतळ.

यातले विमानतळाचे दार आता मोठे होत आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. वर्तमानपत्रांनी कमळाच्या आकाराच्या इमारतीची वर्णने रकानेच्या रकाने छापली. आम्हाला मात्र फारशी चर्चा न झालेल्या एका इमारतीविषयी बोलायचे आहे. ती म्हणजे कार्गो टर्मिनल, मालाची इमारत. पहिल्या टप्प्यात वर्षाला ५ लाख टन माल हाताळण्याची या विमानतळाची क्षमता आहे आणि सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर ती ३२.५ लाख टनांवर न्यायची आहे. म्हणजे साडेसहा पट. १,१६० हेक्टरांची आखणी करतानाच ही वाढ हिशेबात धरलेली आहे.

आम्ही विमानतळाच्या विरोधात नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिताना बाबासाहेबांनी शेतीवरचा माणसांचा भार कमी करण्यासाठी उद्योगीकरणाचा उपाय मांडला होता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्यासारख्या मोठ्या प्रकल्पांची पायाभरणी त्यांच्याच खात्याने केली. मोठ्या प्रकल्पाला पाहून दचकणारी आमची परंपरा नाही. प्रकल्प कोणासाठी वाढतो आणि कोणाला आहे तिथेच ठेवतो, एवढे विचारणारी मात्र ती नक्कीच आहे.

वाढणारे टर्मिनल म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. कार्गो टर्मिनल म्हणजे गोदाम नव्हे. गोदामात माल ठेवतात, टर्मिनलमधून माल पुढे सरकतो. इमारतीच्या एका बाजूला ट्रक लागतात, दुसऱ्या बाजूला विमाने उभी राहतात. ट्रकमधून उतरलेला माल मोजायचा, कागद तपासायचे, क्ष-किरण यंत्रातून सुरक्षा तपासणी करायची, कस्टमची मंजुरी घ्यायची आणि मग विमानाच्या पोटाच्या मापाचे कंटेनर किंवा ॲल्युमिनियमचे पाट भरून विमानाकडे न्यायचे. आयातीचा माल याच वाटेने उलटा येतो.

अशी चालती इमारत वाढवायची कुठून? ट्रकची बाजू अडवली तर माल येणे बंद, विमानाची बाजू अडवली तर माल जाणे बंद. म्हणून जाणकार आराखडाकार ही इमारत लांबट ठेवतात आणि ती टोकाकडून लांबत जाईल अशी आखतात. ज्या टोकाला वाढायचे तिथली भिंत पक्की न बांधता पत्र्याची ठेवतात, म्हणजे ती काढून पुढे नेता येते. त्या टोकाला जिना, कार्यालय, शीतगृह किंवा विजेचे उपकेंद्र ठेवत नाहीत, कारण उद्या तेच आडवे येते. जमिनीखालची गटारे, आग विझवण्याची जलवाहिनी, विजेची मुख्य जोडणी आणि ट्रकांचा रस्ता हे मात्र पहिल्याच दिवशी शेवटच्या टप्प्याच्या मापाने आखतात. चालू टर्मिनलची फरशी पुन्हा उकरणे परवडत नाही. आणि शेजारची जमीन राखून ठेवतात. आज तिथे गवत असले तरी नकाशावर तिच्यावर 'पुढील टप्पा' असे लिहिलेले असते.

वाढीचा दुसरा मार्ग यंत्रांचा आहे. मुख्यतः हाताने चालणाऱ्या टर्मिनलमध्ये एका चौरस मीटरमागे वर्षाला साधारण ५ टन माल निघतो, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. उंच मांडण्या आणि माल उचलून ठेवणारी यंत्रे बसवली की तो १० टनांवर जातो. याचा अर्थ चळवळीने नीट ध्यानात घ्यावा. माल साडेसहा पट झाला म्हणजे रोजगार साडेसहा पट होईल, असे मुळीच नाही. जमीन शेवटच्या टप्प्याच्या मापाने घेतली जाते, रोजगार मात्र यंत्रांतून उरेल तेवढाच मिळतो.

हे सगळे नियोजन आम्हाला चांगलेच वाटते. घाईने केलेल्या कामाची किंमत जगाने मोजलेली आहे. हाँगकाँगमध्ये जुलै १९९८ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला तेव्हा तिथल्या प्रचंड कार्गो टर्मिनलची संगणक यंत्रणा कोलमडली. मालाची आवक थांबवावी लागली आणि जुन्या काई टाक विमानतळावरचे टर्मिनल पुन्हा उघडावे लागले. म्हणून टप्प्याटप्प्याने वाढणे हेच शहाणपणाचे. आमचा प्रश्न एवढाच आहे की हे शहाणपण पेट्या आणि खोक्यांपुरतेच का राखून ठेवले जाते?

शहापूर तालुक्याला टप्प्याटप्प्याने वाढणारी योजना नवी नाही. तानसा तलाव याच तालुक्यात आहे. १८९२ साली त्याचे पाणी मुंबईला सुरू झाले आणि मुंबईची तहान वाढली तशी ती योजना १९४८ पर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. पुढे भातसा धरण झाले आणि आज मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. मुंबईच्या वाढीची तरतूद प्रत्येक वेळी झाली. धरणाच्या काठावरच्या गावपाड्यांच्या वाढीची मात्र झाली नाही. आजही उन्हाळा आला की शहापूरच्या अनेक गावपाड्यांना पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या आम्हा लोकांना हा केवळ पाटबंधारे खात्याचा विषय वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी नकाशावर ज्यांच्यासाठी जागा सोडली गेली नाही, ते आजही नकाशाबाहेरच आहेत.

नवी मुंबईत काय घडले? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मे झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. विमानतळासाठी दहा गावे उठली, त्यांच्यासाठी ते साडेबावीस टक्के झाले. हा लढा मोठा होता आणि आगरी-कोळी बांधवांच्या त्यागाला आम्ही वंदन करतो. पण टक्केवारी ही जमिनीची असते. ज्याच्या नावे सातबारा, त्याला टक्के. जो दुसऱ्याच्या शेतात, मिठागरात किंवा खाडीत राबून जगत होता, त्याची मजुरी गेली तरी शून्याचे साडेबावीस टक्के शून्यच राहतात. पनवेल आणि उरण तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात होते. त्या कुलाब्यात आणि रत्नागिरीत पसरलेली खोती नष्ट करण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कागदावरचा मालक आणि मातीतला कष्टकरी यांच्यातला जो भेद त्यांनी तेव्हा दाखवला, तो आजच्या नुकसानभरपाईतही तसाच शिल्लक आहे.

कायद्याने हा भेद अंशतः मिटवला आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' या शब्दात केवळ जमीनमालक येत नाही. संपादनापूर्वी तीन वर्षे ज्याची मुख्य उपजीविका त्या जमिनीवर होती तो भूमिहीन शेतमजूर, कूळ, कारागीर हेही येतात. जमीन गमावणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबाला तेवढीच किंवा अडीच एकर, यापैकी जी कमी असेल ती जमीन देण्याची तरतूद आहे. पण पळवाटही तयार आहे. समृद्धी महामार्गासाठी बहुतेक जमीन थेट खरेदीखताने घेण्यात आली. खरेदीखतात दोनच बाजू असतात, विकणारा आणि घेणारा. त्या शेतावर राबणाऱ्याला तिसरी बाजू म्हणून सही करायला कोणी बोलावत नाही. वकील म्हणून आमच्या टेबलावर असे कागद येतात, तेव्हा मालकाला सांगता येते की दर कमी मिळाला. मजुराला काय सांगावे? त्याचे नाव तर कुठल्याच पानावर नसते.

आणखी एक उणीव पुनर्वसनाची आहे. नव्या गावठाणात रस्ते, पाणी, शाळा, स्मशानभूमी असावी, अशी यादी २०१३ च्या कायद्याला जोडलेली आहे. स्मशानभूमी तर तिथल्या जातसमूहांनुसार द्यावी असे तीत म्हटले आहे. म्हणजे मेल्यानंतरच्या जातीची काळजी कायदा घेतो. पण तीस वर्षांनी या कुटुंबाची तीन कुटुंबे होतील, त्यांच्या घरांसाठी शेजारची जमीन राखून ठेवा, असे बंधन त्या यादीत नाही. टर्मिनलच्या टोकाला पत्र्याची भिंत असते. पुनर्वसित बौद्धवाडीच्या चारही बाजूंना मात्र दुसऱ्याचे कुंपण असते. मग मुलगा वेगळा झाला की तो झोपडी बांधतो आणि त्याच दिवसापासून सरकारदरबारी अतिक्रमणदार ठरतो. विस्थापित बापाचा मुलगा अतिक्रमणदार, हे आमच्या वस्त्यांचे जुने दुखणे आहे.

राखून ठेवलेल्या जमिनीचे काय होते, हे पाहायचे तर समृद्धीच्या दुसऱ्या टोकाला नागपूरला जावे. तिथल्या विमानतळाला २००५ साली बाबासाहेबांचे नाव देण्यात आले. त्याला जोडून 'मिहान' हा देशाच्या मध्यावरचा आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचा तळ उभा करायचा होता. त्यासाठी २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. हजारो हेक्टर जमीन घेतली गेली. काही कारखाने आले, संगणक कंपन्या आल्या, विमान दुरुस्तीचे केंद्रही आले. पण ज्या मालवाहतुकीच्या नावावर सारे सुरू झाले तिचा जागतिक तळ काही झाला नाही. दुसरी धावपट्टीही दोन दशकांत झाली नाही. विमानतळ खासगी कंपनीकडे देण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या काळात शिवणगावसारख्या गावांनी पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली. जमिनीवरचा मजुरीचा दिवस पहिल्याच वर्षी बुडाला आणि टर्मिनलवरची नोकरी 'पुढील टप्प्या'वर गेली. या दोन तारखांमधली पंचवीस वर्षे भूमिहीनाने काय खावे, याचे उत्तर कोणत्याही आराखड्यात नसते.

मिहानच्या वेळी उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या मेम्फिसचे नाव घेतले जाई. चळवळीने मेम्फिसची दुसरी बाजूही माहीत करून घ्यावी. १९६८ साली तिथल्या कृष्णवर्णीय सफाई कामगारांचा संप चालू होता आणि त्यांना पाठिंबा देण्यासाठी गेलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल रोजी तिथे हत्या झाली. पाचच वर्षांनी, १९७३ साली, त्या शहरात फेडेक्स कंपनीचा हवाई मालाचा तळ सुरू झाला आणि पुढे तो जगातल्या सर्वांत मोठ्या तळांपैकी एक ठरला. हजारोंना काम मिळाले हे खरे. पण त्यात रात्रीच्या पाळीत पेट्या वेगळ्या करण्याची अर्धवेळ कामेही मोठ्या संख्येने होती. विमानतळ वाढला म्हणजे माणसाची प्रतिष्ठा आपोआप वाढत नाही. त्यासाठी वेगळा लढा द्यावा लागतो.

आपल्याकडे तो लढा अधिक कठीण आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण ही घटनेच्या अर्थाने शासनसंस्था असल्याने तिथल्या नोकऱ्यांत आरक्षण होते. २००६ साली मुंबई विमानतळ खासगी भागीदारीत गेला. नवी मुंबई विमानतळाच्या कंपनीत ७४ टक्के हिस्सा अदानी समूहाचा आणि २६ टक्के सिडकोचा आहे. अशा कंपनीच्या नोकरीत आरक्षणाचे घटनात्मक बंधन लागू होत नाही. कंत्राटदाराच्या नोकरीत तर विचारायलाच नको. पण सिडकोचे २६ टक्के म्हणजे जनतेचे २६ टक्के. जमीन सार्वजनिक अधिकार वापरून मिळवली, मग अटी सार्वजनिक का नसाव्यात? मालाची चढउतार करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. देशाला अभिमान वाटावा असा हा कायदा आहे. टर्मिनलच्या फाटकाशी तो थबकता कामा नये.

ही वाढ फाटकाच्या आत राहणारही नाही. टर्मिनलमधली जागा महाग असते, म्हणून माल साठवणे, बांधणे, वेगळा करणे ही कामे बाहेर सरकतात. भिवंडीची गोदामे सर्वांना माहीत आहेत. समृद्धीचे टोक आमण्याला आल्यावर ती शहापूर आणि मुरबाडकडे सरकणार, हे सांगायला ज्योतिषी नको. येथे दोन गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून पहारा द्यावा लागेल. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला देण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची बंधने आहेत आणि भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा विचार घेणे १९९६ च्या पेसा कायद्याने आवश्यक आहे. दुसरी गोष्ट महार वतनाच्या जमिनींची. १९५८ च्या कायद्याने वतने गेली आणि जमिनी नवीन शर्तीवर परत मिळाल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. ही शर्त माहीत असलेला दलाल आपल्या अडाणीपणाचा फायदा घेतो, साध्या कागदावर अंगठा घेतो आणि परवानगी नंतर स्वतःच्या सोयीने मिळवतो. आपल्या बांधवांनी वकिलाला दाखवल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नये, हे आम्ही हात जोडून सांगतो.

या टर्मिनलचा आपल्या माणसाला फायदा होऊ शकतो, तो शेतीमालातून. शहापूर-मुरबाडची भेंडी परदेशी जाते. भेंडी सकाळी तोडली की तिचा काळ सुरू होतो. उन्हात राहिली तर ती सुकते, काळी पडते आणि परत येते. तिला शेताजवळ थंडावा, प्रतवारीची जागा आणि टर्मिनलमध्ये वेळ न जाता शीतकक्ष हवा. आज ही साखळी व्यापाऱ्याच्या हातात आहे, म्हणून भावही त्याच्याच हातात आहे. टर्मिनलच्या प्रत्येक नव्या टप्प्यात लहान शेतकऱ्यांच्या गटांसाठी शीतकक्षाची ठरावीक जागा राखली आणि शहापूरला समृद्धीच्या चढण्या-उतरण्याच्या जागेजवळ सहकारी संकलन केंद्र उभे केले, तर अर्ध्या एकरवाल्यालाही विमानाचा उपयोग होईल.

म्हणून आमच्या मागण्या टर्मिनलच्याच भाषेत आहेत. तुम्ही टप्प्याटप्प्याने वाढता, आमचे हक्कही टप्प्याटप्प्याने वाढले पाहिजेत. प्रत्येक टप्प्यापूर्वी भूमिहीन, कुळे, खाडीवर जगणारे यांच्यासह बाधितांची नवी यादी जाहीर करा. प्रत्येक पुनर्वसित गावठाणाशेजारी पुढच्या पिढीच्या घरांसाठी जमीन आजच राखून ठेवा. गावठाणाच्या हद्दी ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहेच, तो वापरा. प्रत्येक टप्प्यात किती नोकऱ्या झाल्या, त्यांत अनुसूचित जाती-जमाती आणि प्रकल्पग्रस्त किती, कायम किती आणि कंत्राटी किती, हे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करण्याची अट करारात घाला. चढउतार करणाऱ्या प्रत्येक कामगाराची माथाडी मंडळात नोंद करा.

हे मागण्याची संधी एकदाच येते असे नाही. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मंजूर क्षमतेपलीकडे प्रकल्प वाढवायचा तर पुन्हा मंजुरी लागते. म्हणजे वाढणाऱ्या टर्मिनलची फाइल पुन्हा पुन्हा उघडते. आजवर ती उघडली तेव्हा टेबलाच्या या बाजूला आपले कोणी नव्हते. तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात विमानतळाचा टप्प्यांचा आराखडा आणि समृद्धीलगतच्या जमिनींचे फेरफार आतापासून मागवावेत. ग्रामसभेत ते वाचून दाखवावेत. भूमिहीन कुटुंबांनी आपण कोणाच्या शेतावर किती वर्षे राबलो, याचे पुरावे गोळा करून ठेवावेत, कारण कायदा तीन वर्षांचा पुरावा मागतो आणि तो अधिसूचना निघाल्यावर एका रात्रीत तयार होत नाही.

तानसाच्या वेळी आपल्या आजोबांना नकाशा वाचता येत नव्हता. आपल्याला येतो. त्या नकाशावर जिथे 'पुढील टप्पा' लिहिले आहे, तिथेच आपल्या वस्तीचेही नाव लिहून घ्यायचे आहे.

जय भीम!